मुद्देमालातून गेलेले पांढरे पीस

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
हॅमरस्टन पोलीस ठाणे, लिंकनशायर.

विषय: अटकेतील हंस (नर) याचे गहाळ पीस तातडीने परत आणणेबाबत.
संदर्भ: भरतीस अडथळा आणल्याबद्दल माझ्या परसातून झालेली जप्ती, जून १९१५.

महोदय,

अर्जदार केझाया स्लाइट, विधवा, धंदा हंस पाळणे, आपल्या निदर्शनास आणू इच्छिते की:

१. आमच्या गावच्या शिक्षिका मिस टॉमलिन एप्रिलमध्ये हॉलंडात हेगला बायकांच्या शांतता परिषदेस निघाल्या होत्या. सरकारने समुद्रच बंद केला, सबब त्या ट्रंकेसह परत आल्या. मग आम्ही बायका प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीत जमलो. युद्ध थांबवणे आमच्या हाती नव्हते, पिसे होती. आपल्या सौभाग्यवती व त्यांच्या मैत्रिणी वर्दीत नसलेल्या पोरांच्या कोटाला, भेकड म्हणून, पांढरे पीस टोचत बाजारभर फिरतात, हे आपणांस घरबसल्या ठाऊक असेलच. ती पिसे आमच्याच परसांतली. सबब पंचक्रोशीत पांढरे पीस म्हणून उरू द्यायचे नाही, असे सर्वानुमते ठरले.

२. त्यानुसार कांद्याची साले, चहाचा चोथा व तुरटी धुण्याच्या हंड्यात उकळून, निवल्यावर त्यात सर्व हंस, कोंबड्या व पाद्रीसाहेबांची कबुतरे बुडवण्यात आली. पाद्रीसाहेबांनी रविवारी छपरावरच्या तपकिरी कबुतरांकडे पाहिले आणि प्रवचन आवरते घेतले. त्या धांदलीत म्हाताऱ्या सुताराची दाढीही बुडाली. ती चुकून बुडाली, असे त्याच्या बायकोचे म्हणणे आहे.

३. शिपाई गेडनी तपासास आले असता बिशप (हंसाचे नाव; चालीवरून ठेवले आहे) त्यांच्या मांडीला चावला व ओल्या अंगाने त्यांची विजार तपकिरी केली. हाच पुरावा. ते म्हणाले, "बाई, हा पक्षी भरतीच्या आड येतोय." मी म्हणाले, "मग त्यालाच भरती करा, चावतो तर चांगला." त्यावर बिशपला ठाण्याच्या मागल्या अंगणात डांबण्यात आले. तो अद्याप तेथेच आहे.

४. आता मुख्य मुद्दा. उन्हाळ्यात हंस जुनी पिसे टाकतो, हे कायद्याच्या पुस्तकात नसावे. बिशपने ती कोठडीत टाकली आणि नवी आली ती पांढरीशुभ्र. बाहेरची पाखरे आम्ही पुन्हा बुडवली; अशा रीतीने पंचक्रोशीतला एकमेव पांढरा हंस पोलिसांच्या ताब्यात राहिला. आपल्या सौभाग्यवतींचे त्या अंगणात जाणेयेणे असते, एवढेच नमूद करते.

५. ऑगस्टअखेरच्या बाजारात त्यांनी माझ्या धाकट्या जाबेझच्या कोटाला पीस टोचले. थोरला मॅथ्यू मे महिन्यात लढाईत गेला. त्याचा कागद आला, तो नाही. जाबेझने पीस आणून माझ्यापुढे टेबलावर ठेवले. "हे आपल्या बिशपचंच गं आई," तो म्हणाला. "पाखरं रंगवलीस. लोकांची नजर कशी रंगवशील?" सकाळी तो भरती झाला. पुढे वर्दी मिळाल्यावर त्याचा कोट टपालाने घरी आला. पीस आले नाही. ते टोपीच्या अस्तरात ठेवलंय, असे लिहितो.

६. बिशप जप्त असल्याने त्याचे प्रत्येक पीस सरकारी मुद्देमाल आहे. खटला उभा राहिलेला नसताना मुद्देमाल ठाण्याबाहेर गेला, आणि येत्या शुक्रवारी जाबेझच्या तुकडीबरोबर तो फ्रान्सला चालला आहे. पुरावा देशाबाहेर गेल्यास उद्या जाब आपणांस द्यावा लागेल, ही काळजी मला आहे. तरी ते पीस शुक्रवारच्या आत परत आणवावे. नाजूक वस्तू आहे, टपालाने पाठवू नये. ज्याच्या टोपीत आहे त्यानेच ती हाती घेऊन यावे.

गुन्हा मला कबूल आहे. बिशप परत नाही दिलात तरी चालेल. नाताळात शिजवा, चिवट आहे, फार वेळ ठेवावा लागेल.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
केझाया स्लाइट
७ डिसेंबर १९१५

सोबत:
१) बिशपचे तपकिरी पीस, पडताळणीसाठी.
२) जाबेझचा कोट, एक. डाव्या बाजूस टाचणीचे भोक आहे, ते शिवलेले नाही. वर्दी सरकारजमा झाल्यावर त्याला येताना थंडी वाजेल.