तीस वर्षांच्या सेवेबद्दल

३ फेब्रुवारी, मंगळवार

हा माणूस मला आवडला नाही.

अकराच्या सुमारास आला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, नखं मात्र कुरतडलेली. म्हणाला, हातघड्याळ करून हवंय. चावीचं, चांदीच्या तबकडीचं, आणि तबकडीवर हाताने कोरलेलं काम. इथवर ठीक — आम्ही तेच तर करतो. भावोजी आतलं यंत्र जुळवतात, मी तबकडी कोरते. हे गेल्यापासून सहा वर्षं दुकान दीर-भावजयीवरच चाललंय.

पण मजकूर! वर एका कारखान्याचं चिन्ह, दात्यांचं चाक आणि मधे ज्वाळा. खाली 'तीस वर्षांच्या सेवेबद्दल', त्याखाली एक नाव, आणि तारीख. तारीख एकोणतीस वर्षांपूर्वीची. तो कारखाना बंद पडूनच वीस वर्षं झाली.

मी विचारलं, जुनी तारीख कशाला? म्हणे, तशीच हवी. नाव कोणाचं? तर माझ्याकडे न बघता, भावोजींकडे बघून म्हणाला, घरातल्याच माणसाचं. आणि जाता जाता — अगदी नवंकोरं दिसायला नको, थोडं वापरलेलं वाटलं तरी चालेल.

चालेल म्हणे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भावोजींनी काम घेतलं. मला न विचारता.

मी म्हटलं, आधीचं विसरलात का? ते भिंग डोळ्याला लावून खाली वाकले. बोलायचं नसलं की त्यांना भिंग बरं सापडतं.

मी विसरलेले नाही. अकरा वर्षं झाली. असाच एक सज्जन आला होता, आजोबांची आठवण म्हणून खिशातल्या घड्याळाच्या झाकणावर जुनी तारीख आणि दोन ओळी कोरून घेऊन गेला. पुढे तेच झाकण जमिनीच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखवलं. पोलीस दुकानात तीन तास बसले, माझ्याच स्टुलावर. ह्यांनी सगळं अंगावर घेतलं. म्हणाले, काम मी घेतलं, तिला फक्त कोरायला सांगितलं. नंतर गल्लीतली माणसं घड्याळ दुरुस्तीला टाकताना सुद्धा पावती दोनदा वाचायची. ह्यांना ते फार लागलं.

तेव्हापासून मी जुनी तारीख कोरलेली नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तो पुन्हा आला होता. मी मागे भांडी घासत होते. बाहेर आले तर दोघं कुजबुजत होते आणि मला बघून गप्प झाले. भावोजींनी एक कागद ड्रॉवरमध्ये सरकवला.

बावीस वर्षं या माणसाबरोबर एका टेबलावर काम करतेय. ड्रॉवरला कुलूप पहिल्यांदाच बघितलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कोपऱ्यावरचे हजेरी कारकून — त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त होऊन पडलंच होतं, ते घेऊन मीच घरी पोचवायला गेले. ते चकितच झाले, आपण येऊन नेलं असतं म्हणाले. चहा झाला. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडे तीस वर्षं भरली की घड्याळ देत असत ना?

देत असत. यादी तेच करायचे. त्या वर्षीची त्यांना पक्की आठवत होती, कारण तो शेवटचा समारंभ. सात जणांना दिली. सातही नावं त्यांनी बोटांवर मोजून सांगितली.

आम्हाला कोरायला दिलेलं नाव त्यात नाही!

मी ते नाव सांगितलं. म्हणाले, "होता की. पंपखात्यात फिटर. पण त्याला नाही मिळालं. आठवं नाव त्याचंच होतं, ते वरून कापून आलं." का, ते त्यांना ठाऊक नाही. कारकुनाला कारण कोण सांगतं?

म्हणजे जे घड्याळ कधी दिलंच नाही, ते आम्ही दिल्यासारखं करून द्यायचं. कशासाठी? जुन्या कामगारांच्या देण्याघेण्याचं काहीतरी चालू असेल. नाहीतर वाटणी. खोटं नक्की आहे, कसलं ते तेवढं कळायचंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

भावोजींना कारकुनांचं सांगितलं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही तबकडी कोरा. बाकी माझ्यावर सोडा."

हेही असंच म्हणायचे. पण हे डोळ्यांत बघून म्हणायचे.

१२ मार्च, गुरुवार

कोरायला बसले. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. नाही म्हटलं तर दुसऱ्या कोणाकडून करून घेईल आणि मला पत्ताही लागणार नाही. त्यापेक्षा काम आपल्या हाताखाली असलेलं बरं.

चांदीची चकती हलू नये म्हणून राळेवर बसवली. चाकाचे चोवीस दाते आधी आखून घेतले.

३ एप्रिल, शुक्रवार

आज एक गोष्ट केली. फक्त इथे लिहितेय.

चाकाच्या खालच्या दोन दात्यांमध्ये, छायेच्या बारीक रेघांत, चालू वर्षाचा आकडा कोरला. भिंगाशिवाय दिसणार नाही. पण उद्या कोणी हे घड्याळ पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं तर मी उठून सांगेन, दोन दात्यांच्या मधे बघा. या वेळी माझ्या स्टुलावर बसायला कोणी यायचं नाही.

हात जराही हलला नाही. काम झाल्यावर मात्र बराच वेळ पाणी पीत होते.

९ एप्रिल, गुरुवार

भावोजींनी तबकडी तपासायला घेतली. भिंग लावून दहा मिनिटं बघत होते. खाली ठेवली. "छान झालंय." एवढंच.

दिसलं नसावं.

१८ एप्रिल, शनिवार

भावोजी दाताच्या डॉक्टरकडे गेले आणि किल्ली कोटात राहिली. कोट खुंटीवर. मी ड्रॉवर उघडला. काय लपवायचं? उघडला.

आत एक कागद, त्यावर पत्ता. बस्स. दुपारी दुकान बंद करून निघाले. मनगटाचं माप राहिलंय असं सांगायचं ठरवलं.

दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला. सुनेने दार उघडलं. आत खिडकीजवळ खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ. गुळगुळीत दाढी केलेली, कोट, भांग पाडलेला. कुठेतरी समारंभाला निघाल्यासारखे. मला बघून अर्धवट उठले.

"घड्याळ आलं का?"

सूनच म्हणाली, नाही आलं बाबा, येईल. ते बसले.

तिने स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. सासऱ्यांचं वर्षभरापासून असंच आहे. नातवाचं नाव विसरतात, जेवलो का ते विसरतात, पण सकाळी उठून दाढी करतात, कोट घालतात आणि बसतात. दारावर कोणीही आलं, दूधवाला आला तरी तेच विचारतात. नवऱ्याला बघवेना. त्याचं म्हणणं, तीस वर्षं घासली आणि ऐन वेळी कोणीतरी नाव कापलं, ते मनात राहून गेलं. आता ते निदान हातात तरी पडू दे. नवं दिसलं तर बाबांना संशय येईल, म्हणून तसं सांगितलं. आणि लोक हसतील म्हणून कोणाला बोलायचं नव्हतं.

मी माप घेतलं. खरंच घेतलं, दोरीने. मनगट केवढंसं राहिलंय. म्हाताऱ्यांनी आपणहून हात पुढे केला.



२० एप्रिल, सोमवार

भावोजींना सगळं सांगितलं. किल्लीचं, पत्त्याचं, आणि दोन दात्यांमधल्या आकड्याचंही.

म्हणाले, आकडा त्यांना त्याच दिवशी दिसला होता.

मग बोलला का नाहीत? तर म्हणे, तुम्हीच काढाल असं वाटलं.

मला राग आला. म्हटलं, हे सगळं मला आधी सांगितलं असतंत तर? त्यांनी भिंग काढून ठेवलं. "वहिनी, त्याने शब्द घेतला होता. आणि तुम्ही मला एकदाही सरळ विचारलं नाहीत. तुम्ही चौकशी केलीत."

हे असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, फक्त जास्त शब्दांत.

२४ एप्रिल, शुक्रवार

आकडा घालवला. बारीक रेघांमधलं घासून काढता येत नाही, बाजूच्या रेघाही जातात; आणखी कोरून दडवावं लागतं. छायेच्या रेघा जास्त दाट केल्या, मग तोल जाऊ नये म्हणून चोवीसही दात्यांत तशाच केल्या. चार दिवस गेले. चाक आधीपेक्षा उठून दिसतंय, हे माझं नशीब.

५ मे, मंगळवार

दिलं.

भावोजींनी चावी देऊन त्याच्या कानाशी धरलं. तो ऐकत राहिला. मला म्हणाला, तुम्ही घरी येऊन गेलात, बाबांना आवडलं. मी मान खाली घातली. या माणसाला मी तीन महिने चोर समजत होते.

दिवसभर हलकं वाटतंय.

९ मे, शनिवार

तो आला. घड्याळ टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच सांगायला लागला.

बाबांनी चष्मा लावून तबकडी वाचली, नावावरून अंगठा फिरवला आणि घड्याळ परत त्याच्या हातात दिलं. म्हणाले, नाव चुकलंय. मग अगदी सलग, कित्येक महिन्यांत बोलले नव्हते तसं बोलले. पंपाचं पितळ त्यांनीच चोरून नेलं होतं. नाव सांगितलं बाजूला काम करणाऱ्या जोडीदाराचं. त्याला तीस वर्षं भरायला दोन महिने असताना काढून टाकलं. यांना खरं सांगायचा धीर झाला नाही, म्हणून साहेबांकडे जाऊन स्वतःचंच नाव यादीतून कापून घेतलं. रोज कोट घालून बसतात ते घड्याळ घ्यायला नाही. ते त्या जोडीदाराला नेऊन द्यायला.

"ताई, नाव बदलता येईल?"

मी तबकडी भिंगाखाली धरली. तेवढ्या जागेत चांदी एकदा नाव घासून पुन्हा कोरण्याइतकी आहे, दुसऱ्यांदा नाही. तसं सांगितलं.

मग पाटी-पेन्सिल ओढली आणि त्या जोडीदाराचं नाव त्याला अक्षर अक्षर सांगायला लावलं.