बशीत उरलेलं

आप्पा,

तुम्ही शेअर घेऊन ठेवलेल्या त्या हॉटेल कंपनीने यंदाही लाभांश दिला नाही. मागच्या खेपेला आईला काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली होती. या रविवारी तिने सरळच विचारलं. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायला डोळे मिटावे लागतात. पण तुमची वाक्यं मात्र अजून जशीच्या तशी कानात आहेत, आणि खरं सांगायचं तर तीच हल्ली मला छळतात.

पोलादपूरच्या स्टँडसमोरचं आपलं हॉटेल. महाबळेश्वरची गाडी लागली आहे, माणसं उतरून बाकांवर दाटीवाटीने बसली आहेत, तुम्ही कढईसमोर आणि आई मागे मोरीत बशा विसळते आहे. गर्दी ओसरली की तुम्ही गल्ल्याकडे बघतही नाही, सरळ मोरीकडे जाता. बशीत भजी उरली असेल तर ती मोडून बघता, चटणी उरली असेल तर बोटाने चाखता. मला हसू येतं, आणि तुम्ही म्हणता, "हसू नको गो. गिऱ्हाईक किती आलं ता गल्ल्यात कळतं. परत येल का नाय, ता मोरीत कळतं." आई पाठमोरीच म्हणते, "तिला कशाला शिकवताव? तिला काय हाटेल टाकायचा हाय?" पण तुम्ही शिकवत राहता.

शेअरचं वेड तुम्हाला महाडच्या एका वकिलांनी लावलं, पण निवड तुमचीच. हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात ज्यांचे कागद सापडतात त्याच कंपन्या घ्यायच्या: चहा, बिस्किटं, साबण. जे रोज संपतं ते उद्या पुन्हा लागतं, एवढंच तुमचं शास्त्र. वकील ताळेबंदाबद्दल बोलायला लागले की तुम्ही आदराने मान डोलवायचात आणि घरी आल्यावर डबा उपडा करायचात. पुण्याला डोळे दाखवायला आलात तेव्हा आपण त्या मोठ्या हॉटेलात जेवलो. हात धुवायला म्हणून उठलात ते आलातच नाही. जाऊन बघते तर उष्ट्या ताटांच्या टबाशेजारी वाकून उभे, आणि वेटर तुमच्यावर वैतागलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुम्ही मात्र खुशीत, "ताटा बघ, चाटूनपुसून! ह्यांचे शेअर घेऊया."

चहासाबणाचे होते ते विकून तुम्ही सगळे पैसे त्या हॉटेलातच घातलेत. ताटं खरंच पुसलेली होती, आप्पा. तुम्ही चुकला नव्हतात. कंपनीने बरीच वर्षं लाभांश दिलाही. मग त्यांनी जिकडेतिकडे शाखा काढल्या, त्यासाठी कर्जं उचलली, आणि आता नफा होतो तो त्यातच जातो. ताट स्वयंपाक्याची परीक्षा घेतं, मालकाची नाही. आपल्या हॉटेलात स्वयंपाकी आणि मालक एकच होता, म्हणून हा फरक तुम्हाला कधी दिसला नाही. मला दिसला, पण दिसून तरी मी काय करणार होते?

आईला हे कसं सांगायचं? तिच्या लेखी तो लाभांश नाहीच. लग्नानंतरची पहिली वर्षं तुम्ही मुंबईत कँटीनला होतात आणि तुमची मनिऑर्डर यायची. आता लाभांश जमा झाल्याचा बँकेचा मेसेज मोबाइलवर वाजला की ती मला फोन करून माझ्याकडे आलेला वाचायला लावते आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "ह्यांची मनिऑर्डर आली." त्या दिवशी घावणं होतात. पहिली बशी तुमच्या फोटोपुढे, आणि मग तीच बशी ती स्वतः पुसून खाते. घरखर्च, गोळ्या, परड्यात गवत काढायला येणारी बाई, सगळं त्याच्यावर. माझ्याकडचा पैसा ती घेत नाही, जावयाच्या घरचा म्हणून. मी महाडला ये म्हटलं की म्हणते, "लेकीच्या दारात बसू? माझा घर हाय ना."

म्हणून मी शोधते आहे. चवदार तळ्याजवळच्या आमच्या घरी, शाळेत शिकवून आल्यावर, चष्मा लावून. चहासाबणाच्या कंपन्या नेमाने देतात, पण त्यांचे भाव इतके चढलेत की हॉटेलचे शेअर विकून त्या घेतल्या तर हाती येणाऱ्या लाभांशात आईच्या गोळ्याही निघायच्या नाहीत. हॉटेलवाल्या बहुतेक काही देतच नाहीत. एक सापडली, भावाच्या मानाने लाभांशाचा टक्का भला मोठा. मी हरखले, आणि मग कळलं की लाभांश वाढला नव्हता, भाव कोसळला होता. समोरच्या हॉटेलातला वडा बघून तुम्ही म्हणाला होतात, "वडा मोठा नाय झाला गो, बशी बारकी केलीय." मी एकटीच हसले, आणि मग रडायलाच आलं. तुमची सगळी वाक्यं मला काय घेऊ नये ते सांगतात. काय घ्यावं ते एकही सांगत नाही.

रविवारी पोलादपूरला गेले. नव्या हायवेच्या गाड्या आता गावात न वळता सरळ कशेडी घाटाकडे जातात, स्टँडसमोर सामसूम. मेसेज आला नव्हता, तरी आईने घावणं केली होती. म्हणाली, "वेळ झाली, येल आज." तुमच्या फोटोपुढे बशी ठेवली. मोबाइल शेजारीच. तो वाजला नाही. मग तिने बशी उचलली आणि खाता खाता, माझ्याकडे न बघता विचारलं, "गो, माझ्यावर रागावले काय ते?"

मी शाखा, कर्ज, नफा असं काय काय सांगणार होते. म्हटलं, "नाही गं आई. रागावतील कशाला?"

"मंग धाडीत का नाय?"

ती हात धुवायला उठली. बशी मी मोरीत नेली. विसळायला पाणी घेतलं आणि तुमच्या सवयीने आधी बघितलं. अर्ध्याहून जास्त घावण तसंच होतं. हॉटेल टाकल्यापासून जिने दुसऱ्यांच्या बशा विसळल्या, तिची बशी मला वाचायला लागली.

ते मी टाकलं नाही. तिथेच उभ्याने खाल्लं, रिकामी बशी विसळून पालथी घातली आणि बाहेर येऊन तिला सांगितलं, "येईल मनिऑर्डर, उशीर झाला असेल." हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, टाकणारही नाही. ते शेअर मी अजून विकलेले नाहीत. का, ते वकिलांना सांगता यायचं नाही, तुम्हाला सांगते. आईच्या बँकेचा मेसेज माझ्याही मोबाइलवर येतो, आणि तो कसलाही असला तरी वाजला की क्षणभर मला वाटतं, पैसे तुम्हीच धाडलेत.