लेखिकाबाई, माझा चेहरा आणि डावी दाढ

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार, तोही दुरूनच. (तुमच्या दवाखान्यात येऊन घालायचा म्हटलं की ती मागे कलणारी खुर्ची दिसते, आणि मी नमस्कार उभ्याउभ्याच आटोपतो.) मामींची पाठ कशी आहे? जिना चढता येतो ना आता? तुम्ही बरे असालच. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावूनही ज्याची भूक मरत नाही, त्याला काय होणार! इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे आई-बाबा मजेत आहेत. माझी मात्र आठवडाभर पाचावर धारण बसली आहे. फोन वाजला की मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावतो.

झालंय असं की यंदा आम्हाला समकालीन साहित्याचा पेपर आहे, आणि आमच्या सरांचं म्हणणं, जिवंत साहित्य जिवंत माणसांकडूनच शिकावं. म्हणून परीक्षा नाही. प्रत्येकाला एकेक हयात लेखक वाटून दिला आहे. त्याच्या वाचनांना जायचं, त्याच्याशी बोलायचं आणि मग त्याच्यावर लिहायचं. मामा, आजवर मी दिवंगत लेखकांवर वाट्टेल ते लिहिलं. एकाला तर ‘उत्तरार्धात थकलेला’ म्हणालो आणि वर चांगले मार्क मिळवले. त्यातला एकही जाब विचारायला दारात आला नाही. (मेलेल्या लेखकाइतका समजूतदार माणूस नाही.) हयात लेखकाचं तसं नसतं. त्याला डोळे असतात, स्मरणशक्ती असते, आणि बघता बघता आपला फोन नंबरही त्याच्याकडे जातो.

माझ्या वाट्याला लेखिकाबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकत येतात, पण आवाज असा की मागच्या रांगेत डुलक्या काढणारा दचकून टाळ्या वाजवतो. त्यांची पुस्तकं मला मनापासून आवडतात, हे आधीच सांगून ठेवतो. पण त्यांची कामाची एक रीत आहे. ती कुणी वेळेवर सांगितली असती, तर मी सरांचे पाय धरून दुसरा लेखक मागून घेतला असता. नवी कादंबरी छापायला देण्याआधी बाई ती वाचनालयाच्या वरच्या खोलीत प्रकरण प्रकरण करून वाचतात, आणि वाचताना श्रोत्यांतला एकच चेहरा निवडून त्याच्याकडे बघत राहतात. हातात लाल पेन्सिल. तो चेहरा जिथे उतरला तिथे पानावर फुली, आणि फुलीचा मजकूर घरी जाऊन कापायचा. श्रोत्यांची मतं त्या ऐकतच नाहीत. लोक तोंडाने खोटं बोलतात, चेहऱ्याला तेवढी सवड मिळत नाही, असं त्या म्हणतात.

आता तुमच्या घराण्याचा चेहरा तुम्हाला ठाऊक आहे, तोच आईकडून माझ्याकडे आला. त्यावर काही म्हणून लपत नाही. आई पत्ते खेळायला बसली की तिच्या हातातली पानं समोरच्याला पाठ होतात. (तुमचं बरं, तुम्ही मास्क लावता.) पहिल्या वाचनाला मी पहिल्या रांगेत बसलो, सरांना दिसावं एवढ्याच हेतूने. बाईंनी खोलीभर नजर फिरवली, माझ्यावर आणून ठेवली, आणि ती अजून उचललेली नाही. पुढच्या वेळी गेलो तर माझी खुर्ची वेगळी मांडलेली, बरोबर दिव्याखाली, आणि शेजारच्या आजोबांना ताकीद दिलेली की याच्याशी बोलायचं नाही.

चेहरा सांभाळणं म्हणजे काय दिव्य आहे, तुम्हाला कल्पना नाही. एकदा मध्येच आठवलं की घरी नळ चालू राहिलाय, तर एका शिंपिणीचं अख्खं बालपण कापलं गेलं. एकदा शिंक दाबली, त्यात दोन भावांचं भांडण गेलं, आणि आता ते का बोलत नाहीत हे वाचकांना कधीच कळणार नाही. ग्रंथपाल मला जिन्यात गाठून विचारतात, “अहो, कादंबरीतला तो डॉक्टर चांगला होता की, त्याने तुमचं काय घोडं मारलं होतं?” मी रोज दाढी करताना निर्विकार राहायचा सराव करतो. हनुवटी दोनदा कापली, चेहरा काही सुधारला नाही.

गेल्या रविवारी शेवटचं प्रकरण होतं. घर सोडून गेलेली मुलगी परत येते आणि सगळे तिला माफ करतात. या प्रकरणावर दोन वर्षं घालवली, असं सांगताना बाईंचाच आवाज जरा कापला. त्यांनी वाचायला घेतलं आणि माझी डावी दाढ ठणकायला लागली. ठणका थेट कानापर्यंत. तोंड जे वाकडं झालं ते सरळ होईना. बाई वाचत गेल्या, फुल्या मारत गेल्या, आणि मी खुर्चीला घट्ट धरून बसलो. संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. “इतकं वाईट आहे का रे?” मामा, मी कसंबसं म्हणालो, “नाही हो बाई, दाढ दुखतेय.” त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. म्हणाल्या, “आधी ती दाढ काढून घे. पुढच्या रविवारी हेच पुन्हा वाचते. तेव्हाही तोंड वाकडं झालं तर प्रकरण टाकून देईन. नाहीतर आहे तसं छापायला जाईल.”

म्हणजे बाईंची दोन वर्षं आता माझ्या दाढेवर अवलंबून आहेत. तेव्हा शनिवारी सकाळी मी आपण होऊन तुमच्या दवाखान्यात येतोय. मामींना सांगा, मला चहा नको.

आपला, अजून सगळे दात असलेला
भाचा

ता. क. दाढ दुखत नाहीये. तेव्हाही दुखत नव्हती. प्रकरण खोटं होतं, मामा. चारशे पानं ती मुलगी ताठ मानेने चालली, आणि शेवटी उंबऱ्यात बसून माफी मागते! मला राग आला आणि फार वाईट वाटलं. आहे तसं छापलं तर लोक हसतील, आणि बाईंना हसलेलं मला सहन होणार नाही. रविवारी माझा चेहरा सगळं सांगेलच, पण तेही खोलीभर लोकांसमोर. आणि त्याआधी एकट्याने त्यांच्या तोंडावर हे सांगायची माझी छाती नाही.

ता. क. २. आत्ताच फोन आला, मी कडी लावायच्या आत आईने उचलला. शनिवारी बाईही येणार आहेत. मी घाबरतो म्हणून खुर्चीशेजारी बसून माझा हात धरणार आहेत.

ता. क. ३. तेव्हा एवढं कराच. मला भूल द्या, दोन्ही बाजूंना, तोंडातून शब्द फुटणार नाही इतकी. आणि मग ते प्रकरणाचं तुम्ही त्यांना सांगा. तुम्ही रोज माणसांना तोंडावर वाईट बातमी सांगता. ती घाबरतात, पण तुमच्यावर रागावत नाहीत. ऐकून बाईंनी माझा हात तसाच धरून ठेवला, तर दाढेला हात लावू नका. सोडला, तर मात्र खरंच काढून टाका. मला रडायला काहीतरी कारण हवं.