आधी दार वाजवावं

४ मार्च
आजपासून मी गल्लीचा सुरक्षाप्रमुख. दंडावर पट्टी, गळ्यात शिट्टी. वटहुकूम निघालाय : युद्ध संपेपर्यंत कुणाच्याही घरात वॉरंटशिवाय घुसता येईल. अधिकार भयंकर आहे, म्हणूनच तो माझ्यासारख्याच्या हातात हवा. मी शाळेत आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलंय.
संकल्प : स्वातंत्र्य आणि सुरक्षा, परफेक्ट बॅलन्स. त्यासाठी स्वतःची पद्धत बसवली. दारावर तीन टकटक, मग दहापर्यंत मोजणं, मगच दार तोडणं. बायको म्हणाली, आधी स्वतःच्या घरात तुमचं कुणी ऐकतं का ते बघा. दुर्लक्ष केलं.

६ मार्च
पहिला सर्च. शिंप्याचं घर. मदतीला खाटीक, लोखंडी पहार घेऊन. मी टकटक केली, मोजायला लागलो. सहावर खाटकाने लाथ घातली. दार शिंप्याच्या अंगावर. नाक फुटलं, दोन दात जमिनीवर. मी लगेच माफी मागितली. तो काहीतरी म्हणाला, पण तोंडात रक्त असल्याने कळलं नाही. बहुधा हरकत नसावी.
सापडलं काय? एक टॉर्च. सेल नसलेला.
संकल्प : खाटकाला दहापर्यंत मोजायला शिकवणे.

११ मार्च
बेकरीवर बॉम्ब पडला. बेकरीवाल्याचा हात समोरच्या गच्चीवर मिळाला. दिवसभर उलट्या. लोक चवताळलेत. म्हणतात, आपल्यातलाच कुणीतरी शत्रूला इशारे देतोय. एका अनोळखी फेरीवाल्याला चौकात इतकं मारलं की त्याचा चेहराच ओळखू येईना. मी शिट्टी वाजवली. कुणी थांबलं नाही. शिट्टी बदलून घ्यावी लागेल.
आता दहाऐवजी पाचच मोजणार. युद्धात दहा म्हणजे चैन.

१३ मार्च
धाकट्या भावाविरुद्ध तक्रार. तो वरच्या मजल्यावर राहतो, रेडिओ दुरुस्त करतो, गच्चीत वायरी सोडतो. बायको म्हणाली, आधी वर जाऊन त्याला सांगा. मी म्हणालो, कायद्यापुढे सगळे समान. लहानपणापासून तो मला हसतो, याचा इथे काही संबंध नाही.
दुपारी वर गेलो. टकटक. पहिल्याच आकड्याला त्याने दार उघडलं! हसून म्हणाला, दादा, तू कधीपासून दार वाजवायला लागलास? तोपर्यंत खाटकाची पहार हवेत होती. भावाचं कोपर मोडलं. चूक पद्धतीची नाही. दार इतक्या लवकर कुणी उघडत नाही.
लष्करी छावणीचे लोक त्याला चौकशीसाठी घेऊन गेले. भावजयीला शब्द दिला, संध्याकाळपर्यंत परत येईल.

१५ मार्च
आला नाही. भावजय सकाळी दारात. तिला प्रोसिजर नीट समजावून सांगितली. तिने हातातला रेडिओ माझ्या डोक्यात घातला. कपाळाला टाके. बायकोने आयोडीन लावलं, पण गरजेपेक्षा जोरात. घरचा आहेर म्हणतात तो हा.

१९ मार्च
छावणीत गेलो. भावाला सोडा, असं ठणकावून सांगणार होतो. साहेबांनी बसवून ठेवलं. आतून किंकाळ्या येत होत्या. त्या भावाच्या नव्हत्या. त्याचा आवाज बारीक आहे, हा घोगरा होता. सतत ओरडून बारीक आवाजही घोगरा होतो म्हणा, पण तो विचार मी केला नाही.
साहेब फार सुसंस्कृत. विषय निघाला म्हणून माझी पद्धत सांगितली. कैद्यालाही मान असतो, असं म्हणालो. त्यांना इतकी आवडली की तिथल्या तिथे ऑर्डर काढली : यापुढे कोठडीत जाण्याआधी दरवेळी तीन टकटक. माझी पद्धत सरकारी झाली! भावाचं बोलायचं राहून गेलं.

२६ मार्च
भाऊ सुटला. निर्दोष. म्हणजे यंत्रणा चालते. उजव्या हाताची बोटं वळत नाहीत, बोलत नाही, भिंतीला पाठ लावून बसतो. भावजय माझ्याशी बोलत नाही, म्हणून हे सगळं बायकोकडून कळलं. खाली बसून वरच्या खुर्चीचा आवाज ऐकत राहिलो. दोनदा नाक पुसलं. सर्दी असावी.
संकल्प : उद्या त्याची माफी मागणे. खेद नव्हे, माफीच.

२७ मार्च
सकाळी वर गेलो. पट्टी काढून, शिट्टी घरी ठेवून. हातात त्याच्यासाठी चहा. बायको जिन्यातून म्हणत होती, वाजवू नका, नुसती हाक मारा. पण आज तरी पद्धत नीट पाळायची होती. तीन टकटक केली, अगदी हळू. मोजायला लागलो.
चारवर आत खुर्ची पडली. सहावर खिडकीची काच फुटली. भावजय किंचाळली. खाली रस्त्यावर काहीतरी आपटलं. जिन्याच्या खिडकीतून दिसलं, शिंपी धावत बाहेर आला आणि वर माझ्याकडे बघून ओरडायला लागला.
मी दहापर्यंत मोजलं.
दार नुसतं लोटलेलं होतं.