चौथ्या मजल्यावरचं मशीन

३ मार्च, सोमवार

आजही मशीन बंद! आम्ही पहिल्या वर्षाला आलो तेव्हापासून बंदच. द्रावणाचा रंग किती गडद आहे तेवढं मोजायचं साधं मशीन ते, पण आमच्या लॅबमध्ये फडक्याखाली झोपून असतं. लॅबवाल्या काकांनी नेहमीसारखे आकडे बोर्डावर लिहिले – कुठल्या काळातले देव जाणे – आणि अख्ख्या वर्गानं ते जर्नलात उतरवले. प्रयोग यशस्वी. डोंबलाचा यशस्वी!

चौथ्या मजल्यावर मोठ्या सरांची संशोधनाची लॅब आहे. तिथे हीच मशीन्स ओळीनं मांडलीत, काचेतून दिसतात. मोठ्या सरांचं जगभर नाव आहे म्हणे. असेल बाई. तीन वर्षांत आमचा एक तास घेतला नाही त्यांनी.

९ मार्च

धाकटीचा फोन. "ताई, मी कुठे जाऊ गं? इथल्या कॉलेजातल्या मॅडम प्रत्येकीला नावानं ओळखतात. पण तुझं विद्यापीठ म्हणजे..." मागून आई ओरडली, "आधी ताईचं संपू दे! दोघींचा खर्च एकदम नाही झेपायचा."

बघू, म्हणाले. इथे मला नावानं कुणी ओळखत नाही हे सांगायला जीभच रेटेना. बाबा चारचौघांत मिरवतात ना माझ्या विद्यापीठाचं नाव घेऊन.

१७ मार्च

आज मी चौथ्या मजल्यावर गेले!

विद्यापीठाचा दर्जा ठरवणारी समिती आली होती. 'विद्यार्थी काम करताना दिसले पाहिजेत' म्हणून आम्हा पाचसहा जणींना धुतलेले पांढरे कोट चढवून वर नेलं. लॅबची किल्ली सांभाळणारा तो संशोधक – किल्लीवालाच म्हणतो आम्ही त्याला – दरडावून म्हणाला, "कशालाही हात लावायचा नाही. नळी धरा आणि हसा." धरली, हसले. फोटो निघाला.

मग समितीतल्या बाईंनी विचारलं, "रोज वापरता का हे?" मोठे सर शेजारीच उभे. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो."

काय करणार होते दुसरं?

२१ एप्रिल

मेले! समिती एवढी खूश झाली की यंदा प्रात्यक्षिक परीक्षा चौथ्या मजल्यावरच. बाहेरचे परीक्षक येणार. प्रात्यक्षिकात गेलं की अख्खं वर्ष गेलं.

हे माझ्या एका 'हो'मुळे झालं. वर्गात कुणाला माहीत नाही. माहीत झालं तर फाडून खातील.

२४ एप्रिल

मोठ्या सरांच्या दारात सकाळभर उभी. परदेशी गेलेत. मग किल्लीवाल्याकडे – "दादा, फक्त अर्धा तास हात बसवू द्या, पाया पडते." तो स्क्रीनवरून नजरही न हलवता म्हणाला, "पेपर पाठवायचाय, मशीन रिकामं नाही. आणि तुम्ही तर रोज वापरता ना?"

जिन्यात बसून रडले. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आता ओरडायचं कुणाच्या नावानं?

२ मे

झोप नाही. पुस्तकातल्या मशीनच्या चित्रावर बोटं फिरवत बसते. वेड लागेल!

६ मे

परीक्षा झाली. झाली म्हणजे माझी झाली.

ती काचेची चौकोनी नळी – दोन बाजू नितळ, दोन खरबरीत. नितळ बाजूंना बोट लावायचं नसतं, उजेड त्यांतूनच आरपार जातो. हे मला आज कळलं! मी नेमकी नितळ बाजूंनाच धरली, आणि मशीनमध्ये घातलीही खरबरीत बाजू उजेडाकडे करून. आकडा भलताच आला. परीक्षक माझ्याच टेबलाशी उभे होते. शांतपणे म्हणाले, "तिसऱ्या वर्षाला आहात ना? नळी धरता येत नाही?"

काय सांगू! आमचं मशीन फडक्याखाली आहे म्हणून?

बाकीच्यांच्या टेबलाशी कुणी गेलंच नाही. हॉस्टेलची माझी रूममेट, वर्गातलीच, जिन्यातच टाळ्या पिटत होती, "मी बोर्डावरचे पाठ होते तेच आकडे ठोकले!"

१० जून

नापास. वर्गात मी एकटीच.

११ जून

घरी फोन करायला हवा. उद्या.

१२ जून

उद्या.

१४ जून

फोन धाकटीचाच आला. किंचाळतच होती! विद्यापीठाचं माहितीपत्रक आलंय, पहिल्याच पानावर मी. "काय ऐटीत धरलीयस गं ती नळी! बाबा सगळ्या गल्लीला दाखवून आले. आणि ऐक, मी इथल्या कॉलेजातला प्रवेश आज रद्द करून टाकला. तुझ्याकडेच येतेय. तुझं आता संपलंच ना, तुझी कॉट मलाच ठेव हं!"