पुरुषांच्या कामावरून ठरलेलं शहर

माय, आज तालुक्याला जनगणनेच्या प्रशिक्षणाला गेले होते. शाळेतल्या आम्हा मास्तरणींना हे काम येतंच. गावाला शहर कधी म्हणायचं, ते साहेब समजावत होते. वस्ती पाच हजारांच्या वर हवी, दाट हवी, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी चारातले तीन तरी शेतीबाहेर हवेत. मी उभी राहिले आणि विचारलं, "बायकांचं काम का धरत नाहीत?" मागून कोणी तरी हसलं. साहेब म्हणाले, "मॅडम, नियम आहे," आणि पान उलटलं. मी खाली बसले, पण मन तिथं राहिलं नाही. ते आपल्या ओसरीवर गेलं.

मी तेव्हा नववीत होते. बोंडअळीनं कापूस खाल्ला ती वर्षं. राजूरकडच्या कोळशाच्या खाणींत गावातले निम्मे पुरुष गेले होते, उरलेल्यांतले कितीतरी ऑटोवर, हॉटेलात. वावरं बायांवर पडली होती. ओसरीवर आमचे गुरुजी जनगणनेचे कागद घेऊन बसलेत. बाबा खाणीतून नुकतेच आलेत, नखांत काळं तसंच आहे. गुरुजी तुझं काम विचारतात. बाबा सहज सांगतात, "ते घरीच असते."

"शेतात जात नाहीत?"

"जाते नं. पण घरचंच वावर हाय, त्याले काय काम म्हंता?"

तेवढ्यात डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन तू दारात येतेस. सगळं ऐकलेलं असतं तू. गाठोडं धपकन खाली टाकतेस. "घरीच? मंग हा कापूस का भूत वेचून राह्यलं?"

गुरुजी खोडतात, शेती लिहितात. तू म्हणतेस, "वाचून दाखवा." ते वाचून दाखवतात, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी नंतर पुष्कळ वर्षं शोधत राहिले.

तू तेवढ्यावर थांबली नाहीस. आपल्या बौद्धवाड्यात, मग तांड्यावर, घरोघरी जाऊन तू बायांना सांगत सुटलीस, "गुरुजी आले का घरच्या माणसाले बोलू देऊ नका. आपलं काम आपन सांगा." गुरुजी येतील तेव्हा घरी असावं म्हणून काही जणींनी वेचणीवरून सुट्टी घेतली. कुणाचा नवरा चिडला, कुणाची सासू. एकीला मारही बसला, आणि ती तुझ्याकडे येऊन रडली. तू तिला जवळ घेतलंस, पण सांगणं सोडलं नाहीस.

मग पुढं आपलं गाव मोजणीत शहर ठरलं. ग्रामपंचायत तीच, रस्ते तेच, पण स्टँडवर पेढे वाटले गेले. तू मला घेऊन गुरुजींच्या घरी गेलीस.

"गुरुजी, येवढ्या बायाइनं शेती सांगतली. तरी गाव शहर कसं झालं?"

गुरुजी चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तुमची नोंद आहे, बाई. ती खोटी नाही. पण शहर ठरवताना फक्त पुरुषांचं काम बघतात. आपले पुरुष आता शेतीत कुठं आहेत?"

"मंग आमी कुठं राह्यतो?"

तू हे भांडून विचारलं नव्हतंस. खरंच विचारलं होतंस. गुरुजींनी घरात चहा सांगितला. तू चहा न घेता उठलीस.

त्यानंतर तू ग्रामसभेला जाणं सोडलंस. बाया बोलवायला आल्या की म्हणायचीस, "तुमीच जा." वावरात मात्र आधीपेक्षा लवकर जायचीस. बाबांना हे लागलं असावं. एका सुट्टीच्या दिवशी ते न सांगता तुझ्यामागून वावरात आले. शेजारच्या ओळीत उभे राहून कापूस वेचू लागले. कोळसा फोडणाऱ्या हातांना कापूस धड जमेना.

"बोंड लय टोचते वं," ते म्हणाले.

"टोचतेच," तू म्हणालीस आणि पुढं सरकलीस.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीला ते येत राहिले. कधी माफी मागितली नाही, आणि तूही मागू दिली नाहीस. पुढं एका हंगामात फवारणीचं औषध बाधलं आणि तू अंथरूण धरलंस, ते सुटलं नाही. दवाखान्यात तुझं काम विचारलं, तेव्हा बाबांनी मला बोलू दिलं नाही. स्वतः पुढं होऊन म्हणाले, "शेती करते." तू डोळे मिटून होतीस. ऐकलंस की नाही, कळायला मार्ग नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिता येते. वावर मी मक्त्यानं दुसऱ्याला कसायला दिलंय. माझी मुलगी नागपूरला शिकते, तिला कापसाची पऱ्हाटी आणि तूर दुरून ओळखू येत नाहीत. आज एवढ्या लोकांत तुझ्यासाठी उभी राहिले मी. पण तिला त्या वावरात कधी उतरावं लागणार नाही, याचं मला बरं वाटतं, माय. फार बरं वाटतं.