बाबांचे हलणारे ओठ

बालाघाट, रविवार, ५ जानेवारी १९८६

आज संध्याकाळी शेजारच्या तिवारीकाकूंच्या टीव्हीवर बाबा दिसले. वारासिवनीच्या विणकरांवरचा कार्यक्रम होता. दसऱ्याच्या सुमारास टीव्हीवाले घरी येऊन मागावर बसलेल्या बाबांना कॅमेऱ्यात घेऊन गेले, आणि दिवाळीनंतर बाबा वारले. आज मुद्दाम आईला वारासिवनीहून इथे आणलं.

बाबांनी विणता विणता मान वळवली, काहीतरी बोलले, हसले. पण आवाज त्यांचा नव्हताच! वरून कोणीतरी हिंदीत परंपरेबद्दल सांगत होता. नुसते ओठ हलत होते. त्यांचा आवाज ऐकायलाच तर गेलो होतो ना आम्ही?

"काय म्हणून राह्यले वं बाबा?" मी आईला विचारलं.

"मलेच बलावून राह्यले. मी मांगं चहा करून राह्यली होती. ये, जवळ बस म्हणे, दोघंबी दिसू. मले लाज वाटली. गेलीच नाही मी."

कार्यक्रम संपला. काकूंनी टीव्ही बंद केला, तरी आई उठेना. ते ओठ माझ्याही डोळ्यांपुढून जात नाहीत.

"पुन्हा दाखवतीन का वं?" तिनं विचारलं.

"हौ," मी म्हटलं. मला काय ठाऊक?